मुकीम व्हायला किती दिवस लागतात?

प्रवासाला निघालेल्या मुसलमानाला नमाजात सवलत आहे. जुहर, असर आणि इशा या नमाजांतल्या चार फर्ज रकातींऐवजी तो दोनच रकाती पढतो. याला कसर म्हणतात. प्रवासी मुक्कामाच्या गावी पोचला की प्रश्न येतो, ही सवलत संपते कधी? हनफी फिकहचं उत्तर असं की एका ठिकाणी पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस राहण्याची नियत केली, की तो मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो. मुकीम म्हणजे त्या ठिकाणचा रहिवासी. शाफई फिकहमध्ये येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवसांची नियत पुरते. मुकीम झाला की नमाज पूर्ण पढायची.

आता सरकारी कचेरीत चला. अधिवासाचा दाखला, ज्याला आपण सगळे डोमिसाईल म्हणतो, तो हवा असेल तर महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. आणि गावाला विचाराल तर तिथं मुदत कुठं लिहिलेलीच नाही. आजोबा येऊन स्थायिक झाले, बाप इथंच जन्मला, तरी नातवाची ओळख 'ते बाहेरून आलेले' अशी करून देणारी गावं तुम्हीही पाहिली असतील.

पंधरा दिवस, पंधरा वर्षं आणि कधीच नाही. नोकरीसाठी गाव सोडलेला माणूस या तीन मापांच्या मध्ये कुठंतरी राहतो. मी आंबोलीत तसा राहतो आहे.

मी मूळचा सोलापूरचा. घरात दखनी, गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड. शिक्षण आधी उर्दूत, मग मराठीत. बीएड केल्यावर काही वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवलं. २०१८ च्या जूनमध्ये आंबोलीत मराठीचा शिक्षक म्हणून आलो. सोलापूरला वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. आंबोलीत तो सात हजारांच्या पुढे जातो. माझ्या गावाला वर्षभर पुरवायचा पाऊस इथं एका आठवड्यात संपतो. कपडे चुलीवर वाळवायचे असतात, वह्यांना बुरशी येते, दुपारी दोन वाजता वर्गात दिवा लावावा लागतो आणि धुकं खिडकीतून आत येऊन फळ्यावर बसतं, या गोष्टी मला बीएडच्या अभ्यासक्रमात कुणी शिकवल्या नव्हत्या.

पहिल्या पावसाळ्यात मला सगळ्यांनी पर्यटक समजलं. शनिवार-रविवारी धबधब्यावर कोल्हापूर, बेळगाव, गोव्याच्या गाड्यांची रांग लागते. त्या गर्दीत माझ्यासारखा छत्री उलटी झालेला माणूस पर्यटकच वाटणार. चहाच्या टपरीवर विचारायचे, "धबधबा बघितलात? हिरण्यकेशीला जाऊन आलात?" पर्यटक होणं सोपं असतं. त्याला सगळे हसून बोलतात, कारण तो रविवारी संध्याकाळी जाणार हे ठरलेलं असतं. सप्टेंबर संपला, गाड्या कमी झाल्या, मी मात्र तिथंच दिसू लागलो. मग प्रश्न बदलला. "तुमचो गाव खयचो?" आणि त्याला जोडूनच, "बदली कधी?"

माझ्या नोकरीत बदली होत नाही. संस्थेची एकच शाळा आहे. हे मी किती वेळा सांगितलं असेल! ऐकणारा मान डोलवतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच विचारतो. सुरुवातीला मला वाटायचं, हे लोक मला घालवायला बसले आहेत. हळूहळू कळलं की तसं नाही. कोकणातल्या माणसाला नोकरीसाठी आलेला माणूस परत जाणारच असं वाटतं, कारण तो स्वतः तसाच जगला आहे.

'चाकरमानी' हा शब्द पाहा. चाकरीसाठी गेलेला माणूस. कोकणाने शंभर-सव्वाशे वर्षं मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवली. गिरणगावात एकेका गावच्या खोल्या होत्या. एका खोलीत गावची माणसं पाळीप्रमाणे झोपायची, एक पाळी उठली की दुसरी आडवी व्हायची. घरी मनीऑर्डर जायची. १९८२ च्या संपाने गिरण्यांचा संसार मोडला, तेव्हाही कित्येकांना परतायला गाव होतं. मुंबईत चाळीस वर्षं काढलेला माणूस 'गावाक जातंय' म्हणतो तेव्हा ते गाव मुंबई नसतं. गणपतीला ट्रेनच्या दारात लटकून तो येतो, कारण त्याच्या लेखी मुंबई ही कामाची जागा आणि हे घर.

कोकणी मुसलमानांचंही तेच. बोटींवर खलाशी म्हणून गेले, दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेले, तिथं कोकणी मुस्लिमांची वस्ती उभी राहिली. पुढे आखातात गेले. कुवेत-दुबईत पंचवीस वर्षं काढून माणूस परत येतो आणि गावात बांधून ठेवलेल्या, पण कधी न राहिलेल्या घराचं कुलूप उघडतो. ज्या मातीत ही रीत मुरलेली आहे तिथं 'तुम्ही कधी जाणार' हा प्रश्न कुत्सित नसतो. 'आम्ही गेलो तसे तुम्ही आलात, आम्ही परतलो तसे तुम्ही परताल', एवढाच त्याचा अर्थ असतो.

पण माझ्या बाबतीत प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो झाकून ठेवला तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मी मुसलमान आहे. मुसलमानाला 'मूळचे कुठले' विचारल्यावर 'सोलापूर' हे उत्तर काहींना पुरत नाही. ते आणखी थोडं थांबतात, आणखी लांबचं नाव येईल म्हणून. घर शोधताना दोन ठिकाणी बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं. मग पूर्ण नाव विचारलं गेलं आणि 'घरी विचारून सांगतो' असं उत्तर आलं. पुढे काही सांगितलं गेलं नाही. तिसऱ्या घरी ज्या काकी भेटल्या त्यांनी नाव ऐकलं, चूल सारवता सारवता वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तुमी मासे खातास मां?" मी हो म्हटलं. त्यांना भाडेकरू शाकाहारी नको होता. आठ पावसाळे झाले, मी त्याच घरात आहे.

दुसरा पदर भाषेचा. "तुमचं मराठी छान आहे हो," असं मला अजून ऐकावं लागतं. मराठीच्या शिक्षकाला! गणिताच्या शिक्षकाला 'तुम्हाला बेरीज छान येते' असं कुणी म्हणत नाही. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला, चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंनी आपल्या कथा-कादंबऱ्या मराठीतच लिहिल्या, आणि १९९० साली माझ्याच सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, हे अजून पुरेसं पोचलेलं नाही. मी हे वर्गात सांगतो. मुलं ऐकतात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात. त्यांना ते नवलाचं वाटत नाही. नवल मोठ्यांना वाटतं.

आणि तिसरा पदर असा की परकेपणा फक्त दुसऱ्यांमध्येच वाटतो असंही नाही. जुम्म्याच्या नमाजला मी घाट उतरून सावंतवाडीला जातो, जमेल तेव्हा. तीस किलोमीटर. पहिल्याच जुम्म्याला मला वाटलं होतं, इथं तरी मी घरचा असेन. पण कोकणातली जमात बहुतेक शाफई, मी हनफी. त्यांची असर लवकर होते. त्यांचे हात रुकूला जाताना वर जातात, माझे जात नाहीत. ते 'आमीन' मोठ्याने म्हणतात, मी मनात म्हणतो. ते घरात कोकणी बोलतात आणि माझी दखनी ऐकून हसतात. तिथल्या एका बुजुर्गांनी माझी ओळख करून देताना सांगितलं, "हे घाटावरचे." गंमत म्हणजे मी तेव्हा खरोखरच घाटमाथ्यावरून उतरून आलो होतो, पण त्यांना म्हणायचं होतं ते वेगळं. मला आंबोलीत मुसलमान म्हणून पाहिलं जात होतं, सावंतवाडीत घाटी म्हणून. खरं सांगू? घाटी म्हटल्यावर मला बरं वाटलं. तो निदान मराठी माणसाने मराठी माणसाला मारलेला टोमणा होता.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कोल्हापूर-सांगलीचा महापूर तुम्हाला आठवत असेल. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, कित्येक दिवस बंद राहिला. बेळगावकडचे रस्तेही पाण्यात होते. त्या आठवड्यात सोलापूरला माझे अब्बा गेले. आपल्याकडे मय्यत थांबवत नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी दफन झालं. मी आंबोलीत होतो. वरून पाऊस, पुढे पाणी, रस्ता नाही. लहान भावाने फोन कबरीजवळ धरला, पण मला फक्त वाऱ्याचा आवाज ऐकू आला.

काकींनी त्या दिवशी माझ्या घरी चूल पेटू दिली नाही. शेजारच्या तीन घरांतून जेवण आलं. कुणी काही बोललं नाही, येऊन बसले आणि गेले. शाळेतले सहकारी रात्री उशिरापर्यंत ओट्यावर बसून होते.

पाणी ओसरल्यावर मी सोलापूरला जाऊन कबरीवर फातिहा पढून आलो. परतल्यावर पहिल्या जुम्म्याला सावंतवाडीला गेलो. मला 'घाटावरचे' म्हणणाऱ्या त्या बुजुर्गांना कुणीतरी सांगितलं होतं. नमाज संपल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, या भावाचे वालिद वारले, याला जनाजा मिळाला नाही, आपण गायबाना नमाज पढू. गायबाना म्हणजे मय्यत समोर नसताना पढलेली जनाज्याची नमाज. हनफी मसलकमध्ये ती नाही, शाफईमध्ये आहे. माझ्या घराण्यात ती कधी कुणी पढली नव्हती. ज्या फरकामुळे मी त्या सफेत वर्षभर परका होतो, त्याच फरकाने त्या दिवशी माझ्या अब्बांसाठी दुआ मागितली. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं अशी माणसं रांगेत उभी राहिली. मीही उभा राहिलो. इमामांच्या मागे हात बांधले आणि चार तकबीर पुऱ्या केल्या.

हे सांगण्याचं कारण भावना जागवणं नाही. या अनुभवानंतर मी कसरच्या मसल्याकडे नव्याने पाहू लागलो. फिकहच्या पुस्तकात एक पोटनियम आहे. माणूस एखाद्या गावी आला, पंधरा दिवसांची नियत केली नाही, 'आज जाऊ, उद्या जाऊ' म्हणत राहिला आणि असं करत वर्षं गेली, तरी तो मुसाफिरच राहतो. म्हणजे किती वर्षं राहिलात याला महत्त्व नाही. राहायचं ठरवलंत का, याला आहे. पंधरा वर्षं राहूनही माणूस मुसाफिर असू शकतो आणि पहिल्या दिवशीच मुकीम होऊ शकतो.

या नियमाची दुसरी बाजू अशी की मुसाफिराला सवलत असते. नोकरीच्या गावी परका म्हणून राहण्यात जसं दुःख आहे तशी सोयही आहे. ग्रामसभेला जायला नको, 'आपण काय, बाहेरचे'. पाण्याच्या टाकीचं भांडण आपलं नाही, रस्त्याचा खड्डा आपला नाही. मुलगा आठवीत नापास होईल असं दिसलं, तरी पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही कुणास ठाऊक. परकेपणाची तक्रार करणाऱ्या आम्हा नोकरदारांपैकी बरेचजण ही सवलत मात्र सोडत नाहीत. आम्ही गावात दोनच रकाती पढतो आणि गावाने आपल्याला पूर्ण माणूस मानावं अशी अपेक्षा करतो.

सिंधुदुर्गात हा प्रश्न केवळ माझ्या मनातला नाही, रस्त्यावर आलेला आहे. इथल्या डीएड झालेल्या स्थानिक तरुणांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत स्थानिकांना प्राधान्य मिळावं म्हणून ओरोसला आंदोलनं केली आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे. राज्यपातळीवरच्या भरतीत इतर जिल्ह्यांतले उमेदवार इथं नेमले जातात, काही वर्षं काढतात आणि आंतरजिल्हा बदली घेऊन आपापल्या जिल्ह्यात जातात. जागा रिकामी, शाळा रिकामी. २०२३ साली असे शिक्षक मोठ्या संख्येने जिल्ह्याबाहेर गेले आणि शाळांवर शिकवायला माणूस उरला नाही. मग निवृत्त शिक्षकांना मानधनावर बोलावण्याची वेळ आली. शिवाय पहिलीतलं पोर मालवणीत बोलतं. त्याचं बोलणं न समजणारा शिक्षक त्याला गप्प करतो, तेही न रागावता.

मी या वादात 'बाहेरचा' गटातला आहे. तरीही म्हणतो, या तरुणांची तक्रार खरी आहे. रिकाम्या वर्गाचं दुःख खोटं नसतं. माझं दुमत उपायाबद्दल आहे. आपल्या राज्यघटनेचं १९ वं कलम देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क देतं. १६ वं कलम केवळ जन्मस्थानामुळे सरकारी नोकरीला अपात्र ठरवू नये असं सांगतं. कायदा बाजूला ठेवा. जन्माचा दाखला ही कसोटी एकदा मान्य केली, की ती थांबत कुठं नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी, आणि शेवटी नाव विचारून 'घरी विचारून सांगतो' इथपर्यंत ती येते. मी ते शेवटचं टोक पाहिलं आहे.

जन्म ही कसोटी किती लेचीपेची आहे हे आंबोलीनेच दाखवलं आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांतला कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न अनेकांनी वाचला असेल. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून गावकऱ्यांनी सामाईक कसलेल्या या जमिनी. १९९९ मध्ये सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचं नाव लागलं. ज्यांच्या पणजोबांनी इथं नांगर धरला त्यांना आपण इथले आहोत हे कागदावर सिद्ध करायला वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, मंत्रालयाचे जिने चढावे लागले. मी परका, हे ठीक. पण सातबाऱ्यावर तेही परकेच ठरले होते! अस्सल स्थानिक म्हणावा तर एकच, हिरण्यकेशीच्या कुंडातला तो छोटा मासा. २०२० मध्ये तो शास्त्रज्ञांनी जगापुढे आणला, नदीवरूनच त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, आणि पुढच्या वर्षी त्याची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्याला कुणी गाव विचारत नाही. हिरण्यकेशीचं पाणी मात्र इथं उगवून पूर्वेला आजरा, गडहिंग्लजवरून कर्नाटकात जातं, घटप्रभेला मिळतं. तेही नोकरीला बाहेरच जातं म्हणायचं.

म्हणून माझं मत असं की शाळेत येणाऱ्या शिक्षकासाठी जन्माची अट नको, राहण्याची अट असावी. नेमणूक घेताना तो अमुक वर्षं इथं राहील हे ठरावं आणि ते पाळलं जावं. बदली हवी असेल तर त्याच्या जागी दुसरा शिक्षक हजर झाल्याशिवाय त्याला सोडू नये. प्राथमिक वर्गाच्या शिक्षकाने पहिल्या वर्षात मुलांची बोली समजण्याइतकी शिकावी. हे स्थानिक डीएडवाल्यालाही लागू आणि सोलापूरच्या माणसालाही. शाळेला हवा असतो तो थांबणारा शिक्षक. तो कुठून आला याने पोरांना काही फरक पडत नाही.

पण एकट्या नियतीवर सगळं सोडून चालणार नाही, हेही मला मान्य आहे. येणाऱ्याने राहायचं ठरवलं आणि दार उघडलंच नाही तर? इथं मला मदिनेचा दाखला आठवतो. ६२२ मध्ये मक्केहून हिजरत करून आलेल्या मुहाजिरांची आणि मदिनेच्या अन्सारांची पैगंबरांनी जोडीजोडीने भावकी लावून दिली. साद बिन रबी या अन्सारीने आपल्या वाट्याला आलेल्या अब्दुर्रहमान बिन औफ यांना अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली, मालमत्ता घेतली नाही आणि एवढंच विचारलं की बाजार कुठं आहे. दोन्ही माणसं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एकाने दार उघडलं, दुसऱ्याने आत येऊन कामाला लागण्याची वाट विचारली. 'येवा, कोकण आपलोच आसा' ही पाटी पर्यटकासाठी चांगली आहे. नोकरीला आलेल्या माणसाला पाटी नको असते, भाड्याची खोली हवी असते, गॅसचा नंबर हवा असतो, ताप आला तर कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे सांगणारा माणूस हवा असतो.

आपल्या मुसलमान वाचकांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. अलीकडे आपल्यात नोकरी घेतानाही 'तिथं आपली वस्ती आहे का' हे आधी पाहिलं जातं. या भीतीची कारणं मला ठाऊक आहेत, ती मी खोटी म्हणणार नाही. पण आपण फक्त आपल्या वस्तीतच राहायचं ठरवलं, तर ज्या गावांनी मुसलमान शेजारी कधी पाहिलाच नाही त्या गावांना आपण कायमचे परकेच राहू. एका घराने नाही म्हटलं म्हणून गाव नाही म्हणत नाही. मला तिसरं घर मिळालं, आणि ते शोधायला मी पहिल्या दोन दारांवरून पुढे चालत गेलो होतो.

हनफी फिकहमध्ये आणखी एक दिलासा आहे. वतन-ए-अस्ली, म्हणजे खरं घर, एकाहून जास्त असू शकतं. जन्मगाव एक, आणि ते कायमचं न सोडता माणसाने जिथं दुसरं घर केलं ते दुसरं. दोन्ही ठिकाणी तो मुसाफिर नसतो, दोन्हीकडे त्याची नमाज पूर्ण असते. 'सोलापूर की आंबोली' हा प्रश्न लोक मला विचारतात, फिकह विचारत नाही. माझी अम्मी फोनवर अजून विचारते, "कब आरा रे?" आणि माझा मुलगा शाळेत सांगतो, "आमचो गाव आंबोली." दोघंही बरोबर आहेत. तीन वर्षांपूर्वी मी मतदार यादीतलं नाव आठ नंबरचा फॉर्म भरून इकडे आणलं. त्या दिवसापासून ग्रामसभेला जातो. पहिल्यांदा हात वर केला तेव्हा दोन-चार माना वळल्या. आता वळत नाहीत. मी पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो, ते ऐकून कंटाळतात, जसे एकमेकांचं ऐकून कंटाळतात.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. अब्बांची कबर सोलापूरला आहे. माझी कुठं असेल? मुंबईत, आखातात राहिलेल्या कित्येक कोकणी माणसांना हा प्रश्न पडलेला असतो, गणपतीला येणाऱ्या माझ्या शेजाऱ्यालाही पडतो, फक्त त्याच्याकडे तो चितेचा असतो. मी घरात हा विषय काढला तर सगळे गप्प होतात. त्याचं उत्तर आजच द्यायला हवं असंही नाही. गावात पूर्ण माणसासारखं राहायला मरणाचा पत्ता पक्का असण्याची गरज नाही, उद्याचा तास घेण्याची तयारी पुरते.

येत्या जूनमध्ये तुमच्या गावातल्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात कुणीतरी नवा माणूस येईल. त्याला गाव विचारा, ते विचारायलाच हवं, त्यातून ओळख होते. 'बदली कधी' हे मात्र विचारू नका. तो कधी जाणार हे त्यालाही माहीत नसतं आणि विचारल्यावर त्याला जाण्याचीच आठवण होते. त्याऐवजी खोली कुठं मिळेल ते सांगा. आणि तुम्ही स्वतःच तो नवा माणूस असाल, तर सामान सोडवण्याआधी मनाशी एवढंच ठरवा की निदान पंधरा दिवस राहायचं आहे. त्यानंतरची नमाज पूर्ण पढावी लागेल, आणि ग्रामसभाही.